पाचव्या पायाची हाक

लोक हसले याचा सुलाबाईला राग नव्हता. निपाणीच्या वखारीत तंबाखूच्या धुळीत वाढलेली बाई ती, हसण्यापेक्षा वाईट पुष्कळ सोसून झालं होतं तिचं. राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा, आणि तो कळायचा तर ते गिटार कसं झालं तिथपासून सांगायला पाहिजे. कारण ज्यांनी त्याच्या एका तारेलाही हात लावला नाही, त्यांनीच त्याची कथा बेळगावभर फिरवली, आणि फिरवताना त्यातलं खरं तेवढं गाळून टाकलं.

सन एक्क्याऐंशीचा हिवाळा होता. शहापुरात मारुतीराव म्हणून गृहस्थ ऑर्केस्ट्रा चालवायचे. लग्नं, जत्रा, गणपती, कुठंही बोलावणं आलं की यांची वाजंत्री टेम्पोत बसून निघालीच. त्यांनी गोव्याला कुठल्याशा साहेबी बँडमध्ये तीन पिकअपचं गिटार पाहिलं आणि तसंच आपल्याकडं पाहिजे म्हणून हट्ट धरला. सुतारानं सागवानाचं अंग महिन्यात करून दिलं, घडणही सुबक. पण आत काय बसवायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसाएवढी बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळून केलेलं एक गुंडाळं. वरची तार थरथरली की हे ती थरथर धरून स्पीकरला पोचवतं. मारुतीरावांना तशी तीन पाहिजे होती, आणि एक खटका फिरवला की कधी हे, कधी ते, कधी दोन मिळून, असे पाच आवाज निघायला पाहिजे होते. ऑर्केस्ट्राचे स्पीकर बघणारा रेडिओ मेकॅनिक आण्णाप्पा, त्यानं कानाला हात लावले. "मला रेडिओ कळतोय. ह्यो प्राणी न्हाय कळत," म्हणाला, आणि सगळ्यांना घेऊन सुलाबाईच्या दारात आला.

सुलाबाई विजेच्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या दुकानात अकरा वर्षं कामाला होती. नवरा गेल्यावर निपाणी सोडून, मनू नावाची एकुलती पोर बोटाला धरून ती बेळगावात आली, आणि विडी वळणारा हात तारेला लावला तर तार तिच्या बोटात लोण्यागत बसली. गिटार तिनं आयुष्यात जवळून पाहिलं नव्हतं. "ह्याचं तोंड कुठलं?" असं तिनं विचारलं, तेव्हा ते वाजवणारा शामू खो खो हसला. पण चौथ्या दिवशी पहिलं गुंडाळं तयार होतं. वेढे मोजायची तिची रीत वखारीतली. विड्यांचा कट्टा पंचविसाचा, तसे पंचवीस वेढे झाले की एक कट्टा. चाळीस कट्टे झाले की सुतळीला एक गाठ. आठ गाठी पडल्या की गुंडाळं भरलं. इंजिनेराला विचारलं असतं तरी यापेक्षा चोख हिशेब मिळाला नसता.

अवघड होती ती जोडणी. तीन गुंडाळी, प्रत्येकाची दोन टोकं, आवाज कमीजास्त करायची कळ, आणि जुन्या रेडिओतून काढलेला पाच थांब्यांचा खटका. त्या खटक्याला खाली पाच पितळी पाय. कुठल्या पायाला कुठली तार कथलानं झाळायची त्यावर सगळं. आण्णाप्पा कागदावर रेघा मारायचा आणि त्याच्या रेघांचा गुंता व्हायचा. सुलाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिनं धोतराचं जुनं पान घेतलं, त्यावर पाच गुंड्या टाचल्या, तेच पाच पाय. तीन हूक लावले, तीच तीन गुंडाळी. आणि वाकळ शिवावी तशी ती दोऱ्यानं जोडणी शिवत बसली. गुंडाळ्याच्या सुरुवातीला तांबडा दोरा, शेवटाला काळा. काळे सगळे एका गाठीत, ती अर्थिंगची. दोरा दोऱ्याला ओलांडायला लागला की उसवायचं, वळसा देऊन परत शिवायचं. सात वेळा उसवलं तिनं. एकदा दोन गुंडाळी एकत्र घातली तर मोठा आवाज यायच्या ऐवजी चिलटासारखा बारीक आला, नाकातून बोलल्यागत. आण्णाप्पा कपाळाला हात लावून बसला. सुलाबाई म्हणाली, "दोघी समोरासमोर तोंड करून भांडालीत, एकीला फिरवून बसवाय पायजे." एका गुंडाळ्याची तांबडी-काळी उलटी केली आणि आवाज भरून आला. हे डोकं कुणाचं, ते ऐकणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

फडक्यावर चार पायांचं ठरलं. पाचव्याचं ठरेना. आण्णाप्पानं ते सगळं कागदावर उतरून घेतलं आणि कागद सुलाबाईला दिला, "घरात बसून शांतपणी झाळ," म्हणाला. ती झाळायला बसली आणि मनू शेजारी बसून वाचून दाखवायला लागली. मनू तेव्हा एकोणीस वर्षांची, अकरावी झालेली, चैत्रात लग्न ठरलेलं.

"पहिल्या पायाला 'पुढचं' लिवलंय. दुसऱ्याला 'मधलं'. तिसऱ्याला 'मागलं'. चौथ्याला 'दोन्ही'."

"आणि पाचव्याला?"

"हाक."

"नीट वाच की गं."

"हाकच हाय आई. ह ला काना, क."

आण्णाप्पाच्या घरात कन्नड, पण शाळा मराठी. लिहायचा तो बाळबोध अक्षरात, आणि मधेच भाषा कधी बदलायची ते त्याचं त्यालाही कळायचं नाही. कन्नडात हाक म्हणजे घाल, जोड. उरलेली तार इथं घाल, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण वर चार नावं आणि खाली पाचवं नाव हाक, हे ऐकल्यावर दुसरा कुणी तरी काय समजला असता? सुलाबाईनं विचार केला. प्रोग्रामच्या आधी नाही का माइकमध्ये हॅलो हॅलो करत, तसंच हे. ज्यातून आवाज जायचा त्याला आधी माणसाची हाक ऐकवायची असणार. जाणता माणूस आहे, उगाच लिहिणार नाही. तिनं मधल्या गुंडाळ्याजवळ तोंड नेलं आणि जी हाक ओठावर होती ती मारली. "मनू," अशी, शेवटचा ऊ लांबवून, दिवेलागणीला गल्लीच्या टोकापर्यंत पोचायला पाहिजे तशी.

मनू हातभर अंतरावर बसलेली. सवयीनं म्हणाली, "आले गं." आणि मग दोघी हसल्या.

दुसऱ्या दिवशी आण्णाप्पानं पाचवा पाय मोकळा बघून विचारलं, सुलाबाईनं सांगितलं, आणि तालमीच्या खोलीत असा हशा झाला की तबलजी तबल्यावर आडवा झाला. "आक्का, हाक म्हंजे घाल गं," आण्णाप्पा डोळे पुसत म्हणाला. "ठेव, ते मी बघतो." सुलाबाईही हसली. तेवढ्याला तिची काहीच ना नव्हती.

दुपारी शामूनं गिटार गळ्यात घालून एकेक आवाज काढून दाखवला. पुढचं घुमलं, मागलं खणखणलं, दोन्ही मिळून भरदार लागलं. मग त्यानं खटका पाचव्यावर नेला आणि तार छेडली. मिटल्या ओठांतून यावा तसा आधी एक म आला, आणि मग लांबत, वर चढत, शेवटाला जरासा तुटत, नू.

 मारुतीरावांचा चेहरा उजळला. "बोलतंय की ओ हे," म्हणाले.

आईबरोबर आलेली मनू बाहेर आडावर तालमीसाठी कळशी भरत होती. "आले गं," असा तिचा आवाज आला, आणि पदराला हात पुसत ती आत आली. सुलाबाई दाराशीच उभी होती. मनू तिच्या अंगावरून पुढं गेली आणि गिटारासमोर जाऊन उभी राहिली. "काय गं?" तिनं विचारलं. मग इकडंतिकडं बघून ओशाळली.

त्याच आठवड्यात सुलाबाईच्या ध्यानात आलं, आपल्या हाकेला कुणी ओ देत नाही. समोरासमोर बोललेलं सगळ्यांना ऐकू यायचं, उलट उत्तर यायचं, भांडणसुद्धा व्हायचं. पण पाठमोऱ्या माणसाला हाक मारली की ती पोचायची नाही. नळावर शेजारच्या पारूबाईला चारदा हाक मारली, ती पुढं चालतच राहिली, आणि खांद्याला हात लावल्यावर दचकून म्हणाली, "तोंडानं सांगायचं की, ढकलतीस काय?" घरात मनूचंही तेच. सुलाबाईनं स्वतःच्या घशाला तेल लावून बघितलं, मिठाच्या गुळण्या केल्या. आवाज चांगला खणखणीत. फक्त तो आपल्या तोंडापाशी निघून तिथंच कुठंतरी राहतो असं तिला वाटायचं.

फाल्गुनात पारूबाईचा नवरा सिद्राम बाजारातून येत असताना उतारावर लोखंडी सळ्यांची हातगाडी सुटली. सुलाबाईनं मागून बघितलं. जीव खाऊन ओरडली ती, "सिद्रामआण्णा, बाजूला." तो पान चघळत आपल्या नादात चालत राहिला. पाय मोडला. सहा आठवडे प्लास्टर. आणि बघायला गेली तर पारूबाई काय म्हणावी?

"तू हुतीस तिथं, लोकं सांगालेत. नुसती बघत उभी ऱ्हायलीस. एक हाक तरी मारायचीस, सुला."

"मारली."

"व्हय तर. मारली म्हणे."

हे ऐकून घ्यायचं, आणि वर कार्यक्रमात ते दुसरं ऐकून घ्यायचं. चैत्रात मनूचं लग्न झालं, लोंढ्याच्या रेल्वेतल्या मुलाशी, विहारात, साधंच. पुढच्याच आठवड्यात शहापुरात मारुतीरावांचा मोठा कार्यक्रम. सुलाबाई बायकांत बसली होती. मारुतीराव माइकवर आले. "मंडळी, हे बोलकं गिटार. ह्याची सगळी आखणी मी स्वतः केली. एक अडाणी बाई तारा गुंडाळायला ठेवली होती. आमच्या आण्णाप्पानं कन्नडात हाक लिहिलं, तर ह्या बाईनं काय केलं ठाऊक आहे? गिटारलाच हाक मारली." मैदान हसलं. सुलाबाईच्या शेजारच्या बायका हसल्या, तिच्या मांडीवर टाळी देऊन हसल्या. आणि त्या हशावर शामूनं खटका पाचव्यावर नेऊन तार छेडली. हजार माणसांवरून तिची हाक गेली, तिची स्वतःची, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सकाळी ती शहापुरात गेली. तालमीच्या भिंतीवर काचेत घालून तिचं ते धोतराचं फडकं लावलेलं, पाच गुंड्या, तीन हूक, सगळं. आलेल्यांना मारुतीराव सांगायचे, आमच्या मंडळींच्या हातचं भरतकाम.

"बसा बाई," मारुतीराव म्हणाले.

"बसाय न्हाय आले. बाई म्हणून सांगताय लोकास्नी, सुलाबाई म्हणून सांगा."

"नावात काय आहे एवढं? तारा तुम्ही गुंडाळल्या, मान्य आहे. पण डोकं कुणाचं?"

"ते काचंत घालून टांगलंय की तुमी." तिनं भिंतीकडं बोट केलं. "ऱ्हाऊ दे. नाव बी ऱ्हाऊ दे. तेवढी पाचव्या पायाची जोडणी तोडा. ती हाक माझी हाय."

मारुतीरावांनी शामूकडं बघितलं, शामूनं आढ्याकडं. "हाक तुमची कशी ओ? सात-बारा आहे काय?" खोलीत परत हशा. "त्या एका आवाजासाठी लोकं बोलावतात आम्हाला. तोडा म्हणे."

ती परत आली. रागानं तिला दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. नाव घेतलं, डोकं घेतलं, फडकं घेतलं, ठीक आहे, जन्मभर कोण ना कोण घेतच आलं होतं. पण माणसाची हाक? म्हैस, शेळी यांनासुद्धा आपल्या रेडकाला, करडाला हाक मारता येते.

श्रावणात मनूची सासू अंबुबाई सकाळच्या गाडीनं आली. पाणी घेतलं नाही, आधी बोलली.

"तुमच्या लेकीला काय झालंय ते खरं सांगा. पाचवा चाललाय तिला."

"काय झालं?"

"मधीच उठती. आले गं, म्हणती आणि चालू पडती. चुलीवर भात करपला दोनदा. इचारलं तर म्हणती, आई बोलवाली. परवा भर दुपारी रुळानं गुंजीकडं, बेळगावच्या अंगाला चाललेली. गँगमननं धरून आणली म्हणून बरं. मागनं गाडी हुती."

सुलाबाईनं बोटांवर वार मोजला. "परवा म्हंजे मंगळवारी?"

"मंगळवारी."

मंगळवारी ऑर्केस्ट्रा कडोलीला होता. पारूबाईचा भाचा ऐकून आलेला. कडोली बेळगावच्या या अंगाला, लोंढा त्या अंगाला, मधे तीस-चाळीस मैल रान. त्याच्या आधी भात करपले ते दिवस तिनं अंबुबाईकडून काढून घेतले, पारूबाईच्या भाच्याला विचारले, आणि गाठींवर गाठी बसाव्यात तसे ते एकमेकांवर बसले.

अंबुबाईला तिनं स्टेशनवर सोडलं आणि तिथूनच शहापुरात गेली, कमरेला दुकानातली कटर खोचून. तालीम चालू होती. आण्णाप्पाही होता.

"उघडा ते," ती म्हणाली. "न्हाईतर मी उघडते."

मारुतीरावांना गंमत वाटली. त्यांनीच पेचकस पुढं केला. "उघडा बाई. बघू तर तुमची हाक कुठं बसली आहे ती."

तिनं गिटार मांडीवर आडवं घेतलं, मागची पट्टी काढली. तांबड्या-काळ्या तारा तिनं झाळल्या होत्या तशाच, एकही ओलांडून गेलेली नाही. तिनं खटका उजेडाकडं फिरवला. पहिला पाय, दुसरा, तिसरा, चौथा. पाचवा पाय कोरा होता. पितळ नवं होतं तसं पिवळंधमक, त्याला झाळीचा ठिपका नाही की राळेचा डाग नाही.

"तू जोडलं हुतंस न्हवं?" तिनं आण्णाप्पाला विचारलं.

आण्णाप्पा वाकून बघत राहिला. "आक्का, माझ्याकडनं ते राहूनच गेलं. मग वाजाय लागलं, तर मी समजलो, तूच जोडलीस."

 शामूनं खात्री करायला म्हणून, तसंच तिच्या मांडीवर असताना, खटका पाचव्यावर नेला आणि एका बोटानं तार छेडली. तिच्या पोटापाशी, उघड्या लाकडातून, तिचाच आवाज आला. मनू.

लोंढ्याला काय झालं असेल त्या घटकेला, ते तिच्या डोळ्यासमोर आलं. तिनं कटर काढली. कोरा पाय कापून काय होणार होतं? तिनं गुंडाळंच धरलं, मधलं, आठ गाठींचं, आणि त्याच्या उरात कटरचं टोक घालून आरपार कापलं. मारुतीराव ओरडत आले, तोवर पुढचंही कापलं, मागलंही कापलं. तीनशे वीस कट्टे एकेकात. तिच्या बोटांनी घातलेले, तिच्या हातानं गेले. केसाएवढ्या तारांचे पुंजके तिच्या लुगड्यावर सांडले.

"तुम्हाला पोलिसात देतो," मारुतीराव म्हणाले. 

"द्या. आणि तिथं माझं नाव नीट सांगा."

तिनं उठून काच उतरवली, मागून फडकं काढून घेतलं, आणि निघाली. कुणी अडवलं नाही.

गल्लीत शिरताना पुढं पारूबाई चालली होती, पाठमोरी, डोक्यावर सरपणाची मोळी. सुलाबाई थांबली.  हळूच, नेहमीच्या आवाजात तिनं हाक मारली, "पारू."

पारूबाई गर्रकन वळली. "काय गं?"

"काय न्हाय," सुलाबाई म्हणाली, आणि तिथंच पायरीवर बसून मनसोक्त रडली.

चौथ्या दिवशी ती लोंढ्याला गेली. गाडी अकराच्या सुमाराला लागली. उतरून बघते तर पलीकडच्या फलाटावर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत मनू उभी होती, आईला न्यायला आलेली. चेहरा उतरलेला, पण पोट दिसण्याइतकं वर आलेलं. गाडी निघून गेली आणि दोघींच्या मधे नुसते रूळ राहिले, उन्हात चमकणारे. मनूचं लक्ष भलतीकडं होतं, डब्यातून उतरलेल्या दुसऱ्याच बायकांत ती आईला शोधत होती. सुलाबाईनं गाठोडं खाली ठेवलं आणि सहा महिन्यांत मारली नव्हती तशी, शेवटचा ऊ लांबवून हाक मारली.

"मनू."

मनूनं मान वर केली. ऐकलं तिनं. लहानपणी हसायची तशी हसली आणि मोठ्यानं म्हणाली, "आले गं."

पदर सावरून ती फलाटाच्या उतारावरून खाली उतरली, रुळांवर आली. सुलाबाईनं दोन्ही हात पुढं केले. मनू रुळांच्या मधोमध थांबली, हाक बेळगावच्या अंगानं आल्यासारखा तिकडं क्षणभर कान दिला, आणि वळली. आईकडं नाही. तिनं पाठ केली आणि गुंजीच्या दिशेनं, एका स्लीपरवरून दुसऱ्यावर पाय टाकत, घरी उशीर झालेल्या पोरीसारखी चालायला लागली.

सुलाबाई फलाटाच्या कडेनं धावली. पुन्हा हाक मारावी म्हणून तिनं तोंड उघडलं. अजून आवाज फुटला नव्हता, तोच, ती हाक पुढनं आधीच ऐकू आल्यासारखी, मनूची चाल वाढली.

सुलाबाईनं पदराचा बोळा केला आणि स्वतःच्या तोंडात कोंबला.